मोठ्याने वाच

"सकाळपासून कण्हतंय बिचारं. माणूस असतं तर एव्हाना दवाखान्यात नेलं असतं," लॅपटॉपच्या घरघरणाऱ्या पंख्याकडे बघत वहिनी टकळीच्या कानाशी पुटपुटली. "आणि जे माणूस आहे, ते घसा बसला तरी कामावर हजर. सुट्टी म्हणजे काय ते तुमच्या घराण्याला ठाऊक तरी आहे का हो, वन्सं?"

वहिनी ‘ताई’ म्हणाली की काम असतं आणि ‘वन्सं’ म्हणाली की टोमणा, हे टकळीला कधीच पाठ झालं होतं. तिने शेजारच्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, ‘वीस मिनिटं कण्हतं. मग थोरला उठतो.’

"थोरले सगळे एकाच मातीचे," चिठ्ठी वाचून वहिनी म्हणाली. "आमच्याकडचाही उठायला तेवढीच मिनिटं घेतो." तेवढ्यात फोन वाजला आणि ती आपल्या टेबलाकडे पळाली.

डॉक्टरांनी टकळीला तीन दिवस बोलायला बंदी केली होती. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने घसा आणखी बिघडतो म्हणे. लहानपणी तिचं तोंड क्षणभर मिटत नसे म्हणून थोरल्या भावाने तिला टकळी म्हणायला सुरुवात केली. आता पन्नाशी दारात उभी होती, कानामागचे केस पांढरे झाले होते, तरी नाव तेच राहिलं होतं. आज त्या टकळीचा दोराच तुटला होता. खरं तर तिला बरं वाटत होतं. न बोलायला निदान कारण मिळालं होतं. दमलेल्या माणसाला गप्प बसायची सवड सहसा मिळत नाही, लोक लगेच विचारतात, काय झालं?

चष्म्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत तिघांचंच ऑफिस होतं. दादा, म्हणजे टकळीचा भाऊ, याने बावीस वर्षांपूर्वी ग्रंथालयांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं. कोणतं पुस्तक कुठल्या फळीवर, कोणी नेलं, कधी परत आलं, हे सगळं ते सांगायचं. दादाची बायको, म्हणजे वहिनी, फोन सांभाळायची आणि भेदरलेल्या ग्रंथपालांना धीर द्यायची. टकळी पंधरा वर्षांपूर्वी नोंदी टंकायला म्हणून आली. हातात पदवी नव्हती, पदरात काही नव्हतं. दादाने तिला प्रोग्रॅमिंग शिकवलं, पण पुस्तकं दिली नाहीत. त्याची एकच रीत होती. "मोठ्याने वाच," तो म्हणायचा. कोडची ओळ न ओळ मोठ्याने वाचायची. "जिथे अडखळशील, तिथे चूक असणार." आणि असायचीच. गेली पंधरा वर्षं ती त्याच्या टेबलाशी उभी राहून वाचत आली होती. तो डोळे मिटून ऐकायचा, मधेच बोट वर करायचा आणि म्हणायचा, "इथे थांब. पुन्हा." सगळं ऐकून झालं की कामाच्या नोंदीखाली तो स्वतः एकच शब्द टाइप करायचा, ‘पाहिले.’ त्या शब्दाशिवाय इथून काहीही बाहेर पडत नसे.

दीड वर्षापूर्वी दादाला मेंदूत छोटासा झटका येऊन गेला. अकरा दिवस दवाखाना झाला. हात परत आला, जीभ परत आली, जिने चढता यायला लागले. "थोडक्यात निभावलं," असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि तो विषय तिथेच मिटला.

लॅपटॉपने घरघर थांबवली. थोरला उठला होता.

हे थोरला, मधला, धाकटा प्रकरण असं होतं. सॉफ्टवेअरचा दर्शनी भाग म्हणजे ग्रंथालयाच्या काउंटरची खिडकीच. इंटरनेटवरून कोणीही विचारावं, अमुक पुस्तक आहे का, आणि खिडकीने उत्तर द्यावं. तिला एपीआय म्हणतात. पण उत्तर शोधून देणारा खिडकीच्या आत बसलेला असतो, तो डेटाबेस. छोट्या ग्रंथालयांत एका फाइलीत मावणारा धाकटा असायचा, मोठ्यांत मधला, आणि सगळ्यांत जुन्या ग्रंथालयांत थोरला, जो दादाने स्वतःच्या हाताने जाऊन बसवला होता. आत कोणीही बसलेला असो, खिडकीबाहेरच्याला उत्तर एकच मिळायला हवं. म्हणून काहीही बदललं की टकळी आपल्या लॅपटॉपवर तिघांनाही उभं करायची, तिघांना एकाच घरात वेगळ्या चुली मांडून द्यायची. त्या चुलींना कंटेनर म्हणतात. प्रत्येकाला वाटायचं, अख्खं घर आपलंच आहे. मग ती दोनशे बारा प्रश्न तिघांनाही विचारायची आणि उत्तरं ताडून बघायची.

थोरल्याने मात्र तिच्या नाकी नऊ आणले होते. त्याचा कंटेनर जुन्या मशीनसाठी बनलेला, त्यामुळे तिच्या नव्या लॅपटॉपला आधी आपण जुनं मशीन असल्याचं सोंग घ्यावं लागायचं, आणि त्या सोंगापायी पंखा कण्हायचा. वापरणारं ग्रंथालय तर आता एकच उरलं होतं. साठ हजार पुस्तकं, आणि त्यांच्यामागे एकट्या ग्रंथपालबाई. नव्याला भिऊन त्यांनी दीड वर्ष चालढकल केली होती. शेवटी आज चार वाजता त्यांच्याकडे नवी आवृत्ती चढवायची असं ठरलं.

टकळीने दोनशे बारा प्रश्न सोडले. एरवी ही वेळ वहिनीशी गप्पांची असायची. आज गप्पा नाहीत, म्हणून ती पडद्याकडे बघत बसली. नऊ सेकंदांत सगळी उत्तरं बरोबर, सगळीकडे हिरवे टिकमार्क.

नऊ सेकंद?

उठायला वीस मिनिटं घेणारा म्हातारा नऊ सेकंदांत दोनशे बारा उत्तरं देतो? तिने थोरल्याच्या कंटेनरची रोजनिशी उघडली. कंटेनरमध्ये जे जे घडतं ते तिथे उमटतं. शेवटची ओळ होती, तयार आहे, वाट बघतो आहे. त्यापुढे काही नाही. थोरल्याच्या दारावर कोणी टकटकसुद्धा केली नव्हती.

मग उत्तरं दिली कोणी?

अर्ध्या तासाने तिला सापडलं. सेटिंगच्या फाइलीत कोणाला विचारायचं त्याचं नाव लिहिलेलं असतं. तिथे इंग्रजी अक्षरांत ‘थोरला’ हवं होतं. दोन अक्षरांनी आपसांत जागा बदलल्या होत्या आणि झालं होतं ‘थ्रोला’. आणि थ्रोला नावाचं या घरात कोणीच नसल्यामुळे प्रोग्रॅम काही न बोलता धाकट्याकडे गेला होता. नाव ओळखीचं वाटलं नाही तर धाकट्याला विचार, ही ओळ सहा वर्षांपूर्वी टकळीनेच लिहिली होती, काम अडू नये म्हणून. दादा तेव्हा चिडला होता. "न कळलं तर मशीनने ओरडायला हवं, टकळे. न कळता मान डोलावणाऱ्या मशीनइतकं धोक्याचं काही नाही." तिने ती ओळ तरीही ठेवली होती. तेव्हा घाई होती. घाई नेहमीच असायची.

फाइलीच्या इतिहासात त्या ओळीशेजारी नाव आणि तारीख होती. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची, दादा दवाखान्यानंतर पुन्हा कामावर बसला त्या आठवड्यातली. नाव दादाचं.

अक्षरं कोणाचीही इकडची तिकडे होतात, ती मनाशी म्हणाली. तिने दोन अक्षरं जागच्या जागी नेली आणि प्रश्न पुन्हा सोडले. या वेळी थोरल्याची रोजनिशी भरभर वाहू लागली. सहा मिनिटांनी निकाल लागला, एक्केचाळीस उत्तरं चूक. थोरल्याच्या मते ग्रंथालयातून एकही पुस्तक बाहेर गेलेलं नव्हतं, साठ हजारच्या साठ हजार फळीवर होती. चार वाजता हे चढवलं असतं, तर जे पुस्तक वाचकाच्या घरी आहे ते शोधत ग्रंथपालबाई शिडीवर चढत राहिल्या असत्या.

थोरल्याच्या खोडी तिला ठाऊक नव्हत्या. त्या एकाच माणसाला ठाऊक होत्या.

तिने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली. ‘दादा, थोरला चौदा महिने तपासलाच गेला नाही. 41 चुका. चार वाजता बाईंकडे चढवायचंय. काय करू?’ आणि आतल्या खोलीत जाऊन ती त्याच्या हातात दिली.

दादाने चष्मा नीट केला. चिठ्ठीकडे पाहिलं. पुरेसा वेळ पाहिलं.

"हं," तो म्हणाला. "बरोबर आहे. कर तसंच." चिठ्ठीची घडी घालून त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली.

टकळी उभीच राहिली. सकाळपासूनच्या चिठ्ठ्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. ‘चहा टाकू का?’ यावर तो म्हणाला होता, "बघू दुपारी." ‘खिडकी उघडू?’ यावर म्हणाला होता, "छान." ‘वहिनी म्हणते, तू तिला हाक मारलीस. मारलीस का?’ यावर नुसता हसला होता. कामाच्या तंद्रीत असेल, असं तिला प्रत्येक वेळी वाटलं होतं. खिसा आता फुगलेला दिसत होता.

ती बाहेर आली. वहिनी कोपऱ्यातल्या शेगडीवर तिच्यासाठी पाणी गरम करत होती. टकळीने चिठ्ठी पुढे केली, ‘दादाला वाचता येतं ना?’

वहिनीने ती वाचली, चार तुकडे केले आणि पाण्याकडे बघत राहिली.

"चष्म्याचा नंबर वाढलाय. दुसरं काही नाही."

‘चष्मा कधी बदलला?’

"तीनदा." वहिनीने आवाज खाली आणला. "खालचा चष्मेवाला म्हणतो, डोळे ठणठणीत आहेत, उगाच काचा कशाला बदलता? वर्तमानपत्र मी वाचून दाखवते. मला म्हणतात, तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ताई, इतकी वर्षं कुठे गेला होता हो माझा आवाज?" ती हसायला गेली, पण जमलं नाही. "मला काही माहीत नाही. मला माहीत करूनही घ्यायचं नाही. हे गरम आहे तोवर प्या."

टकळीने पेला हातात धरला. तिला तरी कुठे माहीत करून घ्यायचं होतं? मोठ्याने वाच, असं तो पंधरा वर्षं म्हणतच होता. आधी ती शिकावी म्हणून म्हणायचा. आता कशासाठी म्हणतो, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. तिने कानाडोळा केला होता, आणि त्याला नाव दिलं होतं आदर.

आतून दादाचा फोनवरचा आवाज आला, खणखणीत, पूर्वीसारखा. "हो हो बाई, चार म्हणजे चारला. नाही, मुळीच घाबरू नका. सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे."

टकळीने पेला खाली ठेवला. लॅपटॉप उचलला, आत जाऊन त्याच्या टेबलावर ठेवला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. एक्केचाळीस लाल ओळी.

दादा मागे रेलला. त्याने डोळे मिटले. "वाच मोठ्याने."

तिने आपल्या गळ्याला हात लावला.

"अरे हो, तुझं मौन." डोळे उघडून तो इकडेतिकडे बघू लागला. पडदा सोडून सगळीकडे. "अगं! जरा ये गं. हिच्याऐवजी वाचून दाखव."

"मी?" वहिनी दारात आली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"नाही कळलं तरी चालेल. वाच."

वहिनी वाचू लागली. "काय हे... कंस. उघडा कंस. त्यात आडवी रेघ. मग बंद कंस, नाही, आणखी एक उघडाच आहे. या कंसांना घर नाही का? सगळे उघड्यावर पडलेत."

"पुढे."

"परत केल्याची तारीख. बरोबरचं चिन्ह. मग दोन स्वल्पविराम हवेत लटकतायत, त्यांच्या मधे काहीच नाही."

दादाचं बोट वर गेलं. "थांब. पुन्हा."

"परत केल्याची तारीख, बरोबर, आणि दोन लटके स्वल्पविराम, मधे काही नाही."

"हां!" दादा सरळ बसला. दीड वर्षात टकळीने त्याला इतकं सरळ बसलेलं पाहिलं नव्हतं. "टकळे, परतीची तारीख रिकामी म्हणजे पुस्तक अजून बाहेर, पण थोरल्याला रिकामं कळत नाही. धाकट्याला, मधल्याला रिकामी तारीख म्हणजे रिकामी तारीख. थोरल्याच्या लेखी रिकामं म्हणजे मुळात नाहीच. त्याला ‘रिकामी आहे का’ विचारलंस की तो गप्प बसतो. ‘तारीख नाही का’ असं विचार. एका ठिकाणी बदल, एक्केचाळीसही जातील."

टकळीने उभ्याउभ्याच ते बदललं. थोरला जागाच होता. सहा मिनिटं तिघंही पंख्याची घरघर ऐकत बसले. दोनशे बारा बरोबर.

"बघा," वहिनी म्हणाली. "कंसांत मी, बक्षीस यांना." तिच्या आवाजातली सुटका लपत नव्हती. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. टकळीने लॅपटॉपचं झाकण मिटायला घेतलं. आता थोरला नीट होता, बाईंची पुस्तकं सुखरूप होती. ‘पाहिले’ असं टाइप करून घ्यायचं, की झालं. आणखी चौदा महिने निघाले असते, कदाचित आणखी पुष्कळ.

"मिटू नको," दादा म्हणाला. "हे सापडलं कसं नाही आजवर? ही चूक आजची नाही. दर महिन्याला तपासतो आपण."

टकळी अर्धवट मिटलेल्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"सेटिंगची फाइल उघड. अगं, वाच."

"अहो, झालं ना आता? चार वाजतील."

"सापडली कशी नाही ते कळल्याशिवाय मी ‘पाहिले’ लिहीत नसतो. हिला मी हेच शिकवलंय. उघड, टकळे."

ती हेच त्याच्याकडून शिकली होती. तिने फाइल उघडली. तिने दुरुस्त केलेली ओळ खाली होती आणि जुनी ओळ तिच्यावर, लाल रंगात, खोडलेली. वहिनीने फक्त खालची ओळ वाचायला हवी होती, पण तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने वरून सुरुवात केली.

"डेटाबेस. बरोबर. थ्रोला." ती थांबली. "थ्रोला? हे कोण?"

"थोरला. नीट वाच."

"थ्रोलाच लिहिलंय. आता खोडलंय, पण लिहिलेलं थ्रोलाच आहे."

दादा खुर्चीतून पुढे झुकला. चष्मा कपाळावर ढकलला, परत खाली घेतला. पडद्यापासून वीतभर अंतरावर त्याचा चेहरा आला आणि बोट त्या ओळीवर टेकलं. एकेका अक्षराखालून ते सरकत गेलं आणि पुन्हा मागे आलं. खालच्या दुरुस्त ओळीवर गेलं, परत वर आलं. टकळीने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गालिचा झटकत होतं.

"दोन्ही सारख्याच आहेत," तो म्हणाला.

टकळी खिडकीपासून वळली.

"शेजारी नाव असेल. कोणी लिहिली ही ओळ?"

वहिनी पडद्याकडे बघत होती. नाव तिच्या डोळ्यांसमोर होतं, तारखेसकट. ती तारीख तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "नाव... नाव दिसत नाही इथे," ती म्हणाली. "पुसट आहे."

"पडद्यावर पुसट?"

वहिनीने टकळीकडे पाहिलं. टकळीला बोलायची बंदी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला ती नको होती.

दादा मागे टेकला. मग त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि सकाळपासूनच्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या. एकेक घडी उलगडून, तळहाताने सारखी करून तो त्या टेबलावर मांडू लागला, पत्ते मांडावेत तशा. सात होत्या. त्यांतल्या दोन त्याने उलट्या मांडल्या, आणि दोघींपैकी कोणीही त्या सरळ केल्या नाहीत.

"यात कुठे चहाचं विचारलं होतंस का गं?" त्याने टकळीला विचारलं. "सकाळपासून मिळाला नाही, म्हणून म्हणतो."

टकळीने पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"हीच का?" त्याने ती उचलली, डोळ्यांपाशी नेली आणि परत खाली ठेवली. "अक्षरं दिसतात. तुझं अक्षर आहे हेही कळतं, ‘य’ तूच असा शेपटीवाला काढतेस. पण..."

"अहो," वहिनी म्हणाली. "राहू दे ना."

"नाही, राहू देत नाही," दादा म्हणाला. "दवाखान्यातून आलो तेव्हापासून बोटांना लिहिता येतं, मला वाचता येत नाही."